रात्रीच्या जिओकॅशमध्ये आवाजाचे क्लू द्यायचे आहेत. बझर किती मोठ्या आवाजाचा घ्यावा?

बझर घेऊच नका. मोठ्या आवाजाचा तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की चार टप्प्यांची कॅश (म्हणजे लपवलेला डबा, जो इतरांनी जीपीएसच्या मदतीने शोधायचा) करायची आहे, प्रत्येक टप्प्यावर बझर वाजणार आणि शेवटच्या टप्प्यावर रेकॉर्ड केलेला आवाज कोऑर्डिनेट्स, म्हणजे डब्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश, सांगणार. त्यासाठी बझर किती डेसिबलचा आणि एमपीथ्री मॉड्यूल कुठलं, हा तुमचा प्रश्न. मॉड्यूलचं शेवटी बघू. बझरवरून माझं आणि माझ्या साडूंचं चांगलंच वाजलेलं आहे, त्यामुळे आधी तेच.

साडू इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर. तारा, सेल, सर्किट हा त्यांचा प्रांत. जागा निवडणं, डबा लपवणं, क्लू रचणं हा माझा, अशी वाटणी ठरली होती. जागा मिळाली ती झकास. जुन्या झाडांची राई, मधून पायवाट आणि एका अंगाला दगडी कुंपण. कल्पना साधी होती. जीपीएस तुम्हाला राईत आणून सोडणार, तिथून पुढे टॉर्च बंद करायचा आणि कानांनी शोधायचं. दाट झाडाखाली रिसीव्हरचा बाण दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे नाचतोच. एरवी त्याचा वैताग येतो, इथे तीच गंमत व्हावी असा हेतू.

साडूंनी पिएझो बझर आणला. नाण्याएवढा, दर पाच सेकंदांनी ‘टीं’ करणारा. घरात टेबलावर लावला तेव्हा पलीकडच्या खोलीतून बंद करा म्हणून ओरडा झाला, त्यावर साडू खूश. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा आवाज ऐकू येईल पण सापडणार नाही. “ऐकू आला की सापडतोच,” हे त्यांचं उत्तर.

चाचणीला ओळखीचे तिघं-चौघं बोलावले, सगळे असे डबे शोधण्यात मुरलेले. टॉर्च बंद झाले, ‘टीं’ सुरू झालं आणि मंडळी चार दिशांना पांगली. एकजण थेट कुंपणाकडे गेला आणि दगडांच्या फटीत बोटं घालून चाचपू लागला. डबा त्याच्या बरोब्बर पाठीमागे, खोडाच्या बेचक्यात. दुसरा बझरच्या खालून दोनदा गेला. प्रत्येक ‘टीं’ला मान वळवायचा, थांबायचा आणि पुढच्या ‘टीं’ला भलतीकडेच चालू लागायचा. साडूंना राहवेना. “अहो, समोर! समोर!” म्हणून अंधारातून ओरडत होते. कोणाच्या समोर ते त्यांनाच ठाऊक.

यात भुताटकी काही नाही. आवाज कुठून आला हे आपण मुख्यतः दोन खुणांवरून ताडतो. जवळच्या कानाला तो आधी पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो, तरी मेंदू तो पकडतो. आणि डोक्याचा आडोसा आल्याने लांबच्या कानाला आवाज जरा दबका लागतो. सलग सूर असेल तर पहिली खूण साधारण 1500 हर्ट्झच्या खाली चालते, दुसरी बरंच वर गेल्यावर. मधल्या पट्ट्यात, 2000-3000 हर्ट्झच्या आसपास, दोन्ही लंगड्या पडतात. आणि बहुतेक पिएझो बझर 2000 ते 4000 हर्ट्झमध्येच सगळ्यात जोरात वाजतात. त्यात सूर एकच, शुद्ध. भिंतीवरून आपटून येणारा ‘टीं’ आणि मूळचा ‘टीं’ यांत कान फरक करायचा कशावरून? वर तो ज्या झाडात लपलाय तिथे रातकिडेही त्याच्या शेजारच्याच पट्टीत किरकिरत असतात.

कानाला दिशा हवी असेल तर आवाज असा हवा, ज्यात बऱ्याच फ्रिक्वेन्सी एकदम आहेत आणि ज्याची सुरुवात तीक्ष्ण आहे. टक्. खट्. काडी मोडल्याचा, लाकडावर लाकूड आपटल्याचा. काही ठिकाणी ट्रकच्या रिव्हर्सचा ‘पीं-पीं’ काढून ‘खश्श-खश्श’ आवाज बसवतात, त्यामागे हेही एक कारण आहे: गाडी नक्की कुठे आहे ते कळतं.

मी खिशात लाकडाचे दोन ठोकळे घेऊनच गेलो होतो. (हो, मुद्दाम. साडूंशी वाद घालायचा तर पुरावा सोबत लागतो.) बझर बंद करायला लावला, एका झाडामागे जाऊन उभा राहिलो आणि थांबून थांबून टक्-टक् केलं. मघाशी राईभर भरकटलेली तीच माणसं सरळ माझ्या अंगावर चालत आली.

साडूंचं म्हणणं काय, तर “तुम्ही माणूस आहात म्हणून सापडलात, डबा तेवढा मोठा नसतो.” यावर काय बोलायचं?

एवढ्यावर थांबते तर ते साडू कसले. त्यांनी आवाज वाढवला. मोठा बझर, वर अँप्लिफायर, कारण दुपारी राईत लावून पाहिलं तर शेताच्या कडेला पोचेपर्यंत विरतोय. आता हे नीट वाचा, कारण तुम्हीही हेच करणार आहात. दिवसा जमीन तापलेली असते, वर जावं तशी हवा थंड होत जाते, त्यामुळे आवाज वरच्या दिशेला वाकतो आणि लांबच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उलट होतं. जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार, आणि आवाज खाली वाकून भुईसरपट लांब जातो. त्यात आजूबाजूची वर्दळ थांबलेली. दुपारी विरणारा तो बझर रात्री पलीकडच्या वस्तीत पोचला. खिडक्यांत दिवे लागले, एक गृहस्थ काठी घेऊन चौकशीला आले आणि त्यांना जिओकॅशिंग म्हणजे काय ते समजावायची पाळी माझ्यावर आली. साडू तेवढ्यात वायर गुंडाळण्यात फार मग्न झाले होते.

तेव्हापासून चार नातेवाईक जमले की हे सांगत असतात, “आवाजाची कॅश चालतच नाही, आम्ही करून पाहिली.” आम्ही नाही. बझर तुम्ही लावला होता.

त्यांचा दुसरा ठेका असा की हा खेळ जीपीएसचा आहे, कानाबिनाचा नाही. अहो, 2000 सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक काढली आणि लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला. तेव्हासुद्धा यंत्र तुम्हाला डब्याच्या आसपास सोडायचं आणि पुढचं डोळ्यांनी, हातांनी शोधावं लागायचं. शेवटचे काही मीटर हाच तर खेळ आहे. रात्री ते कानाकडे दिले तर बिघडलं कुठे?

माझी कॅश मी नंतर वेगळी केली, ती चालू आहे. एक छोटा सोलेनॉइड (वीज दिली की दांडी ढकलणारी तारेची गुंडाळी), त्याच्या दांडीसमोर सुकं कडक लाकूड, खालून कोरून पोकळ केलेलं. दांडी आपटली की ‘टक्’. हे सगळं वर झाकण आणि खाली उघडं अशा खोक्यात, म्हणजे पाणी जात नाही आणि आवाज कोंडत नाही. लाकडाला तेल पाजलंय, नाहीतर पावसात फुगून त्याचा ‘टक्’चा ‘थप्’ होतो. ठोका पडायला वीज क्षणभरच लागते, त्यामुळे सेल बरेच पुरतात. ठोक्यांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवलंय: दोन जवळ, एक लांब, मग शांतता. समान अंतराने टाकलेले ठोके लोकांना पानावरून गळणारं पाणी वाटतात.

ठोके सतत पडत नाहीत. पायवाटेच्या कडेला खांबात रीड स्विच (चुंबकाने चालू होणारं बटण) आहे, त्याला चुंबक लावलं की दोन मिनिटं टक्-टक्. खांबापासून ठोकळ्यापर्यंत बारीक तार फांद्यांवरून नेली आहे, दोरीने बांधून. झाडाला खिळा नाही आणि जमिनीत खणणं नाही, ते नियमातच बसत नाही. एखादा टॉर्च लावून तार धरत गेला तर जाऊ दे, त्याचा आनंद त्याला. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर मी टाळला, कारण त्याच्यासमोरून मांजर गेलं तरी तो खेळ सुरू करतो.

आणि आवाज हळू ठेवा. वीस मीटरवर जेमतेम ऐकू यावा इतका. अंतर निम्मं झालं की मोकळ्यावर आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, म्हणजे जवळ जाणाऱ्याला आपण जवळ जातोय हे आपोआप कळतं. सुरुवातच कान फाडणारी असेल तर पुढची वाढ जाणवणार कशी? शिवाय हळू आवाज असला की माणसं बडबड थांबवतात. माझ्या लॉगमध्ये, म्हणजे शोधणाऱ्यांच्या नोंदींत, एकाने लिहिलंय, “आमचा ग्रुप पहिल्यांदाच गप्प बसला.” मला तेवढं पुरे.

डबा उंचावर लावणार असाल तर एक ध्यानात घ्या: डावं-उजवं कानाला चांगलं कळतं, वर-खाली तेवढं नाही. पुढचं-मागचंही चुकतं, पण मान फिरवली की सुटतं. झाडावर चार मीटरवरचा आवाज लोक कंबरेच्या उंचीवरच शोधत राहतात. हिंटमध्ये ‘वर’ एवढा एक शब्द टाका.

आता तुमचा बोलणारा शेवटचा टप्पा. स्पष्टच सांगतो, हा आवाजाचा क्लू नव्हे. कोऑर्डिनेट्स वाचूनच दाखवायचे तर कागदाच्या चिठ्ठीने काय घोडं मारलंय? आकडे द्यायचेच आहेत तर ठोके मोजायला लावा. शून्यासाठी वेगळा आवाज ठरवा, एक लांब खरड चालते. मोर्स कोड लावाल तर कॅशच्या वेबपानावर तसं सुचवा.

सेलच नको असतील तर नळ्या. एका बाजूने बंद 20 सेंटिमीटरची नळी तोंडावर फुंकली की साधारण 430 हर्ट्झचा सूर देते, लांबी निम्मी केली की वरच्या सप्तकातला. चार-पाच नळ्यांवर आकडे रंगवा, खालच्या पट्टीपासून वरच्यापर्यंत क्रम लावला की शेवटचा नंबर तयार. मात्र लांबीचा फरक डोळ्यांना दिसता कामा नये, बूच आत वेगवेगळ्या खोलीवर बसवा. नळ्यांची तोंडं खाली ठेवा. तोंड वर असेल तर पावसाचं पाणी साठतं, हवेचा स्तंभ आखूड होतो, सूर चढतो आणि तुमचं उत्तरच बदलतं. किड्यांना नळ्या आवडतात, तेव्हा तोंडाला बारीक जाळी लावा. फुंकायला किळस वाटणाऱ्यांसाठी तळहाताने थापटलं तरी सूर कळतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या इथे. आवाजामागे चालणारा माणूस पायाखाली बघत नाही. ऐकायच्या जागेपासून डब्यापर्यंतच्या सरळ रेषेत रस्ता, खड्डा, पाणी, तार काहीही असता कामा नये. असेल तर ती जागा सोडा. जागेच्या मालकाची परवानगी घ्या आणि ती रात्रीसाठीची आहे ना ते विचारा, कित्येक बागा अंधार पडला की बंद होतात. तारा निघालेला आणि टक्-टक् करणारा डबा बाहेरच्या माणसाला बॉम्ब वाटू शकतो, म्हणून झाकण पारदर्शक ठेवा आणि वर ठळक अक्षरांत जिओकॅश लिहा. पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, खरे पक्षी गोंधळतात. विणीच्या हंगामात कॅश तात्पुरती बंद ठेवलेली बरी. वयानुसार वरच्या फ्रिक्वेन्सी ऐकू येणं कमी होतं (बझर नको म्हणायला आणखी एक कारण) आणि काहींना मुळातच कमी ऐकू येतं. ठोकळ्यावर हात ठेवला की ठोके जाणवतात, पण तिथवर पोचायला त्यांना काहीतरी दिसणारं लागेल. मी रिफ्लेक्टरची वेगळी वाट आखली आहे. रिव्ह्यूअरला (कॅश तपासून मंजूर करणाऱ्याला) सगळे टप्पे आधी कळवा. दुसऱ्याच्या कॅशपासून 161 मीटर अंतर लागतं, तुमच्याच टप्प्यांना आपापसांत ती अट नाही.

राहिलं मॉड्यूल. लहान एमपीथ्री मॉड्यूल घ्या, आवाजात फार फरक नाही. फक्त त्यातली काही नुसती बसूनही 20 मिलीअँपिअरच्या आसपास खातात. 2000 मिलीअँपिअर-तासांचे सेल म्हणजे 100 तास, पाचव्या दिवशी तुमची कॅश मुकी आणि पानावर डीएनएफची, म्हणजे ‘सापडली नाही’ अशा नोंदींची, रांग. तेव्हा रीड स्विच मॉड्यूलच्या आधी, थेट सेलच्या तारेत टाका. आणि चुंबक तिथेच दोरीने बांधून ठेवा, नाहीतर पहिलाच एफटीएफवाला (सगळ्यांत आधी कॅश शोधणारा) ते खिशात घालून घरी जाईल.