द्राक्षमळ्यांतून सायकलने : इटलीच्या गटसहलीविषयी वाचकांचे प्रश्न

इटलीतील वाइनच्या प्रदेशातून गटाने सायकल चालवण्याविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न या वेळी निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या अनेक अडचणी त्याच्याच पोटी जन्म घेतात.

प्रश्न : आमचा नऊ जणांचा गट असून वये ३८ ते ६६ आहेत. सपाट रस्त्यावर आम्ही दिवसाला ५०-६० किलोमीटर सहज जातो. एका सहल कंपनीने सहा दिवसांचा कार्यक्रम पाठवला आहे : फ्लॉरेन्सहून कियांतीमार्गे सिएना आणि पुढे मोंताल्चिनो, रोज सरासरी ४५ किलोमीटर. पत्रकात या सहलीची काठिण्यपातळी 'मध्यम' अशी दिली आहे. आम्हाला हे झेपेल का?

उत्तर : नुसत्या किलोमीटरवरून याचे उत्तर देता येणार नाही, आणि पत्रकात तेवढेच दिले असेल तर ते अपुरे आहे. रोजची एकूण चढाई किती मीटर आहे, हे कंपनीला लेखी विचारा. वाइनचा प्रदेश म्हणजे बहुधा टेकड्यांचा प्रदेश, आणि हा योगायोग नाही. उतारावर पावसाचे पाणी मुळाशी साचत नाही, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन अधिक सरळ पडते आणि रात्रीची थंड हवा खाली दरीत ओघळून जाते. म्हणून द्राक्षांना उतार आणि धान्याला तळ, अशी वाटणी शेतकऱ्यांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. त्यात भर म्हणजे मध्ययुगात गावे संरक्षणासाठी माथ्यावर वसली. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या कियांती या टेकड्यांच्या प्रदेशातील ग्रेव्हे हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटरवर आहे, पण तेथून अवघ्या सहा-सात किलोमीटरवरचे पांझानो जवळजवळ ५०० मीटरवर आहे. कास्तेल्लिना त्याहून उंच, आणि मोंताल्चिनो साडेपाचशे मीटरच्या वर. तुमचा मुक्काम अशा गावात असेल तर दिवसाचा शेवट चढानेच होणार, तोही पाय थकलेले असताना. दुपारच्या जेवणाबरोबर वाइन घेतली असेल तर विचारायलाच नको.

सात-आठ टक्क्यांच्या चढावर सवय नसलेल्या माणसाचा वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो. सपाटीवर ४५ किलोमीटरला तीन तास पुरत असतील, तर हजार मीटर चढाई असलेल्या तेवढ्याच अंतराला नुसते खोगिरावरचे साडेचार-पाच तास धरावेत, थांबे त्याव्यतिरिक्त. असे एक दिवस जमते, सलग सहा दिवस जमेलच असे नाही. 'मध्यम' हा शब्द बहुधा रोज घाट चढणाऱ्याने लिहिलेला असतो.

म्हणून माझा सल्ला असा की या गटाने कियांतीपासून सुरुवात करू नये. उत्तरेला आदिजे नदीच्या खोऱ्यात बोल्झानोपासून त्रेंतोपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटरचा डांबरी सायकलमार्ग आहे. तो मोटारींपासून बहुतांशी वेगळा, नदीकाठाने सफरचंदाच्या बागा आणि द्राक्षमळे यांतून जाणारा आणि जवळजवळ सपाट आहे. बोल्झानो सुमारे २६० मीटरवर, त्रेंतो १९० च्या आसपास. म्हणजे एवढ्या लांबीत उतार जेमतेम सत्तर मीटरचा. वाटेत उजव्या हाताला थोडे चढून गेले की कालदारोचे सरोवर आणि त्रामिन हे गाव लागते, ज्याच्या नावावरून गेवुर्झत्रामिनर या सुगंधी द्राक्षाला नाव मिळाले असे मानतात. पुढे रोतालियानोचे मैदान लागते. उतारावरच उत्तम द्राक्ष पिकते या वर सांगितलेल्या नियमाचा हा अपवाद, कारण तेरोल्देगो हे तेथील गडद लाल वाइनचे द्राक्ष नदीनाल्यांनी आणलेल्या खडीमातीच्या सपाट जमिनीवरच नावाजले. मार्गाला समांतर रेल्वे आहे, त्यामुळे ज्याचे गुडघे कुरकुरतील त्याला जवळच्या स्थानकावर प्रादेशिक गाडी पकडता येते आणि बाकीच्यांचा दिवस वाया जात नाही. गटाच्या दृष्टीने ही सोय कोणत्याही सुंदर दृश्याहून मोलाची आहे. एक सावधगिरी मात्र हवी : उन्हाळ्यात दुपारनंतर खोऱ्यात दक्षिणेकडून वारा सुटतो आणि त्रेंतोकडे जाणाऱ्याच्या तोंडावर येतो. सकाळी लवकर निघावे, किंवा उलट त्रेंतोहून बोल्झानोकडे जावे.

असे तीन दिवस काढून रेल्वेने फ्लॉरेन्सला या आणि उरलेल्या दिवसांत कियांतीचा छोटा तुकडा ई-बाईकवर करा. ग्रेव्हे, पांझानो, राद्दा आणि गायोले एवढे पाहिले तरी तो प्रदेश कळतो. तेथील पांढऱ्या खडीच्या रस्त्यांना 'स्त्रादे बियांके' म्हणतात आणि ते रस्ते टिकावेत या हेतूने १९९७ मध्ये गायोले येथे 'लेरोईका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. तिचा सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा आहे आणि १९८७ पूर्वीच्या बनावटीची सायकल ही तिची अट प्रसिद्ध आहे. तुम्ही त्या रस्त्यांचे पाच-सात किलोमीटर अवश्य चालवा, पण निदान ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतील तरच. पाऊस पडून गेल्यावर तिकडे फिरकू नका; ती पांढरी धूळ भिजली की चाकाला लेपासारखी बसते.

महिन्याविषयी थोडक्यात सांगतो. मे उत्तम. सप्टेंबरात तोडणी चालू असल्याने मळे जिवंत दिसतात, मात्र अरुंद रस्त्यांवर द्राक्षांनी भरलेले ट्रॅक्टर असतात आणि छोटे उत्पादक पाहुण्यांसाठी वेळ काढतीलच असे नाही.

प्रश्न : दिवसभरात दोन-तीन ठिकाणी वाइन चाखायची आणि सायकल चालवायची, हे इटलीत कायद्याने चालते का? सायकलला परवाना लागत नाही, मग पोलीस अडवणार तरी कशाला?

उत्तर : परवाना लागत नसला तरी इटलीच्या वाहतूक संहितेत सायकल हे वाहनच आहे, आणि मद्य पिऊन वाहन चालवण्याची कलमे सायकलस्वारालाही लागू होतात. रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, ०.८ ग्रॅमच्या वर गेल्यास नुसत्या दंडावर न भागता फौजदारी गुन्हा होतो. मोटारीसाठी असलेली मर्यादा सायकलला शिथिल होत नाही.

आता हिशेब पाहू. १३ टक्के मद्यार्काची १२५ मिलिलिटर वाइन म्हणजे जवळजवळ तेरा ग्रॅम शुद्ध मद्यार्क. लहान चणीच्या व्यक्तीने असे दोन पेले थोड्या वेळात घेतले तर ती मर्यादेच्या पार जाऊ शकते. चाखण्याच्या बैठकीत पेला निम्माही भरत नाहीत, पण चार-पाच प्रकार पुढे येतात आणि बेरीज तिथेच येऊन पोहोचते. टेबलावर ठेवलेले भांडे घोट थुंकण्यासाठी असते. थुंकणे हा यजमानाचा अपमान नाही. व्यावसायिक चाखणारे तेच करतात आणि उत्पादकाला त्यात जाणकारी दिसते. आपल्याकडच्या संस्कारामुळे पहिल्यांदा संकोच वाटतो, तो गटातील ज्येष्ठाने आधी थुंकून मोडावा.

खरे तर कायद्यापेक्षा उताराची भीती अधिक धरावी. माथ्यावरच्या वाइनघरातून निघालेला रस्ता खालीच जातो. वळणे आंधळी असतात आणि वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. दुपारी उजवीकडे-डावीकडे विसरणारा माणूस सकाळी तसे विसरत नाही. म्हणून दिवसातली एकच बैठक ठेवा आणि ती मुक्कामाच्या गावात, सायकल कुलूप लावून उभी केल्यानंतर. ठरलेल्या वेळेचे आरक्षण मात्र आधीच करा. नऊ जण न सांगता दारात उभे राहिले तर छोट्या घराण्याच्या वाइनघरात त्यांना बसवायलाही जागा नसते.

प्रश्न : मागच्या एका सहलीत आमच्या गटात पुढचे आणि मागचे अशी दोन टोके पडली आणि तिसऱ्या दिवशी अबोला झाला. या वेळी काहींनी ई-बाईक घ्यायचे ठरवले आहे. त्याने भांडण मिटेल की वाढेल?

उत्तर : कोण घेणार, यावर ते अवलंबून आहे. जे दमदार आहेत त्यांनीच हौसेने ई-बाईक घेतली तर अंतर दुप्पट होईल. नियम असा करा की चढावर सर्वांत मागे राहणाऱ्यांनी ती घ्यायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. युरोपीय नियमानुसार पेडल मारतानाच साहाय्य देणारी, २५० वॉटची आणि ताशी २५ किलोमीटरला साहाय्य थांबवणारी ई-बाईक कायद्याने साधी सायकलच गणली जाते. म्हणजे सपाटीवर तिने कोणी फार पुढे निघून जाणार नाही. फरक चढावरच पडतो, आणि तुम्हाला तो तिथेच हवा आहे. चढावर पूर्ण साहाय्य लावून ठेवले तर बॅटरी अपेक्षेआधी संपते, म्हणून दुपारच्या थांब्याला भारणीची सोय आहे का ते पाहा.

सर्वांनी एकत्र चालवलेच पाहिजे हा हट्टही सोडा. इटलीत गावाबाहेर सायकली एकामागे एकच चालवाव्या लागतात, तेव्हा गप्पा मारत जोडीने जाणे तसेही नियमात बसत नाही. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचे आणि शेवटचा दिसल्याशिवाय हलायचे नाही. शेवटचा म्हणून पंक्चर काढता येणारा, स्वभावाने शांत असा एक जण रोज नेमायचा. मागचे येऊन पोहोचल्यावर त्यांना पाणी प्यायला पाच मिनिटे द्यायची. बहुतेक अबोले इथेच सुरू होतात : पुढचे विसावलेले असतात आणि मागचा आला की लगेच निघतात.

प्रश्न : आमच्यातील चौघे शाकाहारी आणि दोघे मद्य न घेणारे आहेत. ते उपाशी आणि कंटाळलेले राहतील का?

उत्तर : उपाशी नाही, पण विचारत राहावे लागेल. सिएनाच्या बाजूला 'पिची' नावाचा हाताने वळलेला जाड पास्ता पीठ-पाण्याचा असतो, बहुधा अंड्याशिवाय. लसूण-टोमॅटोच्या रश्श्याबरोबर तो मागवावा. शिळा पाव, घेवडा आणि काळसर पालेभाजी यांची 'रिबोल्लिता' पोटभरीची असते. बोल्झानोकडे पालकाचे किंवा चीजचे पावगोळे मिळतात. फसगत होते ती रस्सा आणि चीज यांत : भाज्यांचे सूपही मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते आणि पार्मिजानो रेज्जानो चीज नियमानेच वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. काटेकोर शाकाहाऱ्याने हे दोन्ही प्रश्न आधी विचारावेत. जेवणाच्या वेळाही पाळा, कारण दुपारी अडीचनंतर खेड्यातले स्वयंपाकघर बंद झाले की सायंकाळी साडेसातपर्यंत काही गरम मिळणे कठीण.

मद्य न घेणाऱ्यांसाठी टस्कनीत ऑलिव्ह तेल चाखण्याची बैठक मागता येते. कियांतीतील अनेक वाइन उत्पादक स्वतःच्या झाडांचे तेलही काढतात. ताजे तेल घशाला मिरीसारखे झोंबते आणि तो दोष नसून गुण समजतात.

प्रश्न : सामानासाठी आम्ही भाड्याची व्हॅन घेऊन आमच्यापैकीच एकाने चालवावी, असा विचार आहे. काही अडचण?

उत्तर : आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्याबरोबर ठेवावा लागेल. दुसरी अडचण अधिक खर्चिक आहे. फ्लॉरेन्स, सिएना यांसारख्या शहरांच्या जुन्या भागात मर्यादित वाहतुकीचे, म्हणजे परवानगीशिवाय वाहन न्यायचे नाही असे, क्षेत्र असते आणि कॅमेरे क्रमांक टिपतात. दंडाची नोटीस भाडे कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते, वर कंपनीचे हाताळणी शुल्क लागते ते वेगळेच. मुक्काम अशा क्षेत्रात असेल तर हॉटेलला वाहनाचा क्रमांक आधी कळवा. माझ्या मते दर दिवशी एका माणसाची सायकल बुडवण्यापेक्षा सामान पोहोचवण्याची सशुल्क सेवा बरी.

प्रश्न : वाइनखेरीज सायकलच्या इतिहासाशी संबंधित काही वाटेत आहे का?

उत्तर : आहे, आणि अगदी तुमच्या वाटेवर. फ्लॉरेन्सहून ग्रेव्हेकडे जाणारा कियांतिजाना रस्ता शहराच्या वेशीवरच्या पोंते आ एमा या वस्तीतून निघतो. १९३८ आणि १९४८ अशी दहा वर्षांच्या अंतराने तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणारे जिनो बार्ताली याच वस्तीत जन्मले. जर्मन अंमलाच्या काळात, १९४३-४४ मध्ये, ते सरावाच्या नावाखाली फ्लॉरेन्स ते आसिसी अशा खेपा करत आणि ज्यूंना वाचवण्यासाठी केलेली बनावट ओळखपत्रे सायकलच्या नळीत दडवून नेत. हयातीत त्यांनी याविषयी फारसे बोलणे टाळले. २०१३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, ज्यूंच्या नरसंहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. पोंते आ एमाला त्यांच्या नावाचे सायकल संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा आधी पाहून ते पहिल्याच सकाळी, चढ सुरू होण्यापूर्वी पाहून घ्या. परतताना तिकडे वळायला कोणाच्याही पायांत बळ उरलेले नसते.