सॅक्स (सॅक्सोफोन) घेऊन पहिल्या रेकॉर्डिंग सेशनला निघालास तर

सोलो छान वाजवतोस, पण सेशनला तुला बोलावतील ते बहुतेक वेळा सोलोसाठी नाही. स्मूथ जॅझमध्ये, म्हणजे हलक्या, गुळगुळीत जॅझमध्ये, चार-आठ बारचे (आवर्तनांचे) फिल, म्हणजे मोकळी जागा भरणारे छोटे तुकडे हवे असतात, तेही गायक थांबतो तेवढ्या फटीत. तो गात असताना मध्ये तान घुसवलीस, की पुढचा फोन दुसऱ्याला.

नजरेनेच ट्रान्सपोज करायला, म्हणजे लिहिलेले सूर आपल्या वाद्याच्या पट्टीत बदलून वाजवायला शीक. अरेंजर (गाण्याची वाद्यरचना करणारा) घाईत पियानोचाच कागद पुढे सरकवतो. त्यातला सी सूर म्हणजे आल्टो सॅक्सवर ए, त्याहून मोठ्या टेनर सॅक्सवर डी. 'थांबा, लिहून घेतो' म्हणायची सोय नाही, स्टुडिओचं भाडं चालू असतं.

आणि हो, आल्टो-टेनर दोन्ही हाताखाली हवेत. अमेरिकन जॅझ सॅक्सवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर मुळात टेनरवाला. आल्टोवादक हँक क्रॉफर्ड रेकॉर्डिंगला पोचू शकला नाही म्हणून त्याच्या जागी यानं आल्टो उचलला, आणि १९७१ चा 'इनर सिटी ब्लूज' हा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम पदरात पडला.

कोरी रीड (तोंडाशी लावायची, कंप पावणारी पातळ पट्टी) लावून जाऊ नकोस. मी एकदा गेलो होतो. तिसऱ्या टेकला अशी किंचाळली, की काचेपलीकडच्या इंजिनिअरनं हेडफोनच काढून ठेवले. आता डबीत चार रीड वाजवून मुरवलेल्या असतात.

घरी रेकॉर्ड करशील तेव्हा माइक बेलच्या, म्हणजे सॅक्सच्या पसरट टोकाच्या, तोंडात खुपसू नकोस. फूटभर लांब, मधल्या कळांकडे रोखून ठेव. ट्रॅक रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम) न लावता, कोरडाच पाठव.

पैशांचं आधी बोलून घे, मित्राचं काम असलं तरी.