दावण कुरतडणारा घोडा

प्रश्न : माथेरानला माझे दोन घोडे आहेत. सकाळ-संध्याकाळ भिजवलेले हरभरे आणि कोंडा देतो. तरी एक जण रात्री दावणीचं लाकूड कुरतडतो. एवढं खाऊनही भूक भागत नाही?

उत्तर : हरभऱ्याचं लिहिलंत, गवताचं एक अक्षर नाही! दुखणं बहुधा तिथंच आहे.

घोडा गाईसारखा रवंथ करत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, साधारण १०-१५ लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, तो उपाशी असला तरी. चावलं तरच लाळ सुटते आणि लाळच त्या आम्लाला आवर घालते. मोकळा सोडलेला घोडा म्हणूनच दिवसाचे १४-१६ तास चरत असतो. तुमचे हरभरे दहा मिनिटांत फस्त. पुढची रात्र? मग दावण आहेच.

३०० किलोच्या घोड्याला दिवसाला किमान ५-६ किलो सुकं गवत हवं. पेंढ्या मोजू नका, काट्यावर तोला. मीही पूर्वी पेंढ्याच मोजायचो. तोलल्यावर कळलं, एक पेंढी दुसरीच्या दुप्पट भरते. मोठा भारा रात्रीसाठी ठेवा. हरभरे-कोंड्याचा खुराक मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करा, एकदम बदललात तर पोटशूळ उठेल. पाणी सतत समोर हवं.

गवत चघळून गोळे खाली टाकत असेल, तर डॉक्टरांना दात दाखवा.