एकसमान घनता धरून पृथ्वीचा चपटेपणा (विषुववृत्तीय आणि ध्रुवीय त्रिज्येतला फरक भागिले विषुववृत्तीय त्रिज्या) १/२३१ येतो, प्रत्यक्षातला १/२९८ का येत नाही? आणि हेच मॉडेल वेगाने फिरणाऱ्या श्रवण (अल्टेअर) ताऱ्याला चालेल का?

तुमची आकडेमोड बरोबर आहे, अडचण गृहीतकात आहे. न्यूटननेही १६८७ साली घनता एकसमान धरली होती आणि त्यालाही १/२३० मिळालं होतं.

आधी एक संख्या काढा, तिला म म्हणू: विषुववृत्तावरचं केंद्रोत्सारी त्वरण भागिले तिथलं गुरुत्वत्वरण. त्रिज्या ६३७८.१३७ किमी घ्या आणि परिवलनकाळ ८६,१६४ सेकंद. ८६,४०० घेऊ नका, तो सूर्याच्या हिशोबाचा दिवस आहे. म येतो ०.००३४६.

गोळा आतून सगळीकडे सारखा असेल तर चपटेपणा १.२५ म, म्हणजे तुमचं १/२३१. सगळं वस्तुमान केंद्रात एकवटलेलं असेल तर ०.५ म, म्हणजे १/५७८. एवढा फरक पडतो कारण विषुववृत्तावरचा फुगवटा स्वतःही पदार्थ ओढतो आणि आणखी फुगतो. वस्तुमान गाभ्यात गेलं की फुगवट्याकडे ओढण्याइतकं काही उरत नाही. लोखंडी गाभ्यामुळे पृथ्वी या दोहोंच्या मधे बसते. कोणताही प्रोग्रॅम लिहिलात तरी आधी ही दोन टोकं त्यातून बरोबर येतात का ते बघाच.

मधल्या स्थितीसाठी राडाउ-डार्विन सूत्र वापरा: २.५ म ÷ [१ + (२.५ − ३.७५ ज)²]. ज हा जडत्वगुणांक (जडत्वाघूर्ण ÷ वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग; वस्तुमान केंद्राशी जितकं दाट तितका तो लहान), पृथ्वीसाठी ०.३३०७. उत्तर १/२९९ येतं, हातच्या हिशोबाला उत्तम! शनीला मात्र हे पुरत नाही. तिथे म जवळजवळ ०.१६ आहे, त्यामुळे म च्या वरच्या घातांची पदं (म², म³...) घ्यावीच लागतात.

श्रवणासारख्या ताऱ्यात वस्तुमान मध्याशी इतकं दाटलेलं असतं की केंद्रबिंदूचं, म्हणजे रोशचं, मॉडेल चांगलं चालतं. ध्रुवीय त्रिज्या १ माना आणि प्रत्येक सहअक्षांशाला (ध्रुवापासून मोजलेल्या कोनाला) तिथली त्रिज्या क्ष काढा; ज्या म्हणजे साइन:

१/क्ष + ०.५ × व × क्ष² × ज्या²(सहअक्षांश) = १

इथे व म्हणजे कोनीय वेगाचा वर्ग × ध्रुवीय त्रिज्येचा घन ÷ (गुरुत्वस्थिरांक × वस्तुमान). व ची कमाल मर्यादा ८/२७. तिथे विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येच्या बरोबर दीडपट होते आणि पदार्थ सुटू लागतो. समीकरणाचं मूळ शोधायची न्यूटन-रॅफसन पद्धत इथे दगा देते: या समीकरणाला दुसरंही धन मूळ आहे, ते ताऱ्याच्या बाहेरचं, आणि मर्यादेजवळ दोन्ही मुळं एकमेकांना चिकटतात. म्हणून १ ते १.५ या पट्ट्यात द्विभाजन करा (पट्टा दरवेळी निम्मा करत मुळाकडे जा), ते अडकत नाही.

अशा ताऱ्याच्या पृष्ठाचं तापमान तिथल्या गुरुत्वावर अवलंबून असतं; ते काढताना गुरुत्वाचा फक्त त्रिज्येच्या दिशेचा घटक घेऊ नका, ध्रुव-विषुववृत्त दिशेचा घटकही मिळवा. आणि वेग घालताना ताऱ्याचा कल, म्हणजे त्याचा अक्ष आपल्या दृष्टिरेषेशी किती कोन करतो ते, तपासा. अभिजित (व्हेगा) तारा आपल्याला जवळजवळ ध्रुवाकडूनच दिसतो, त्यामुळे वर्णरेषांच्या रुंदीवरून त्याचा वेग सेकंदाला जेमतेम २० किमी भरतो. तोच आकडा मॉडेलमध्ये घातलात तर वेगाने फिरणारा हा तारा चक्क गोल निघेल.