नाण्याच्या वजनापासून भर्तृहरीपर्यंत

प्रश्न : येत्या २९ जूनला दा. ध. कोसंबी यांच्या स्मृतिदिनी आमच्या वाचनालयात मला त्यांच्याविषयी बोलायचे आहे. गणित, नाणी, संस्कृत, पुरातत्त्व, आनुवंशिकी अशी यादी वाढतच जाते आणि माणूस मात्र हाती लागत नाही. हे सारे सुटे छंद होते, की त्यांत काही सूत्र होते?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : सूत्र होते, आणि ते स्वतः कोसंबींनीच सांगून ठेवले आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांना संख्याशास्त्र प्रत्यक्ष वापरून पाहायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत, म्हणजे ठसे ठोकून खुणा उमटवलेली, नाणी निवडली. नाणे हातोहाती फिरले की झिजते. त्यामुळे ते जितका काळ चलनात राहते तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढत जातो. नाण्याच्या मागच्या बाजूला वेळोवेळी उमटवलेल्या खुणांची संख्या वजनाशी ताडून पाहिल्यावर, ज्यांवर एक अक्षरही नाही अशी ती नाणी कालक्रमाने लावता येऊ लागली. पुरातन धातूच्या तुकड्यांकडून गणिताने असे बोलवून घ्यावे, ही मला आजही विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

मग प्रश्न आला, ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी मूळ ग्रंथ वाचायला हवेत, म्हणून संस्कृत. आणि संस्कृतात शिरल्यावर भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील, तेव्हा घरी वारसा होताच; पण मुलाने आपली वाट स्वतःच्या प्रश्नांनी काढली, हे आपण श्रोत्यांना अवश्य सांगावे.

ग्रंथांनी जिथे उत्तर दिले नाही तिथे ते पायी निघाले. पुण्याच्या आसपासचे माळ तुडवत त्यांनी गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी पाषाणास्त्रे वेचली आणि म्हसोबा, बोल्हाई अशा देवस्थानांचा, पालखीच्या वाटांचा व त्या प्राचीन वस्त्यांचा संबंध शोधला. आज ज्या वाटेने वारकरी चालतात, तिच्यावर इतिहासपूर्व माणसाचीही पावले असावीत, हा त्यांचा विचार १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात सविस्तर आला आहे.

आनुवंशिकीचा उल्लेख थोडक्यात केला तरी चालेल : गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे १९४४ मधील सूत्र पिकांच्या संशोधनात आजही ‘कोसंबी’ या नावानेच वापरले जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वर्षे आणि सौरऊर्जेचा त्यांनी धरलेला आग्रह, यांना एखादे वाक्य पुरे.

माझी एक सूचना आहे. १९०७ मध्ये गोव्यात जन्म आणि १९६६ मध्ये पुण्यात निधन, अशी सुरुवात करू नका. ओळखीच्या सोनाराकडून नाजूक काटा आणा, एकाच घडणीची पण निरनिराळ्या सालांची, खूप वापरलेली नाणी श्रोत्यांकडून गोळा करा आणि सर्वांसमक्ष तोलून वजने फळ्यावर सालाप्रमाणे मांडा. नाणी पुरेशी असली, तर जुन्यांची सरासरी कमी भरते का, हे लोक स्वतःच पाहतील, आणि त्यानंतर कोसंबींविषयी बोलायला लागा.