वाचकांचे प्रश्न : गुलामी संपल्यानंतरची शंभर वर्षे

प्रश्न : ठाण्यात नौपाड्यातील आमच्या वाचकगटात जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका वाचली. गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते पुस्तक अर्पण केलेले आहे. गटातील एकाने विचारले, की गुलामी १८६५ मध्ये संपली, तर समान नागरी हक्कांच्या कायद्यासाठी १९६४ साल का उजाडावे लागले? आणि मधल्या काळात ते लोक काय करत होते? मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : आपल्या मित्राचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्याकडे लिंकननंतर एकदम मार्टिन ल्यूथर किंगच येतात, आणि मधली माणसे गाळली जातात.

सुमारे चाळीस लाख माणसे मुक्त झाली, तेव्हा त्यांची पहिली मागणी जमिनीची होती. जानेवारी १८६५ मध्ये केंद्राच्या सैन्यातील जनरल शर्मन याच्या हुकुमाने दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन कसायला मिळू लागली. पण लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जुन्या मालकांना परत करायला लावली. हे सांगायला मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड ऑक्टोबरमध्ये दक्षिण कॅरोलिनातील एडिस्टो बेटावर गेला आणि मालकांना क्षमा करा, असे त्याने लोकांना सांगितले. त्यावर तिथल्या तिघांच्या समितीने त्याला लेखी उत्तर पाठवले. ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला चाबकाने फोडले आणि आता त्याच्याच दराने राबल्याशिवाय जो मला रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला मी क्षमा कशी करू, असा त्यातला सवाल आहे. चार-सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ज्यांना अक्षरओळख करून देणेही अनेक राज्यांत गुन्हा होता, त्यांच्या बाजूने गेलेले हे पत्र आहे.

जमीन गेल्यावर उरली ती बटाई. बियाणे, खत, पीठ, कापड सारे मालकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या दुकानातून उधार, हिशेबाची वही त्याच्याच हाती, आणि कापूस विकला गेला तरी बाकी निघतेच. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूकडे, लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला वारली बायकोसकट त्याचा ‘लग्नगडी’, म्हणजे वेठबिगार, होत असे. त्या माणसांना ही वही समजावून सांगावी लागली नसती. तिकडे शिवाय पाठीवर कायदाही होता. मिसिसिपीने १८६५ मध्येच असा नियम केला, की मुक्त झालेल्यांकडे दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा जवळ हवा. नसेल तर भटका ठरवून दंड, आणि दंड भरेल त्याच्याकडे मजुरी.

तरीही हे लोक राजकारणात उतरले. चौदाव्या घटनादुरुस्तीने १८६८ मध्ये नागरिकत्व आणि पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये मतदानाचा हक्क दिला. १८७० मध्येच हायरम रेव्हल्स हे मिसिसिपीतून सिनेटमध्ये गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. म्हणजे १८७३ मध्ये फुल्यांनी पुस्तक अर्पण केले, तेव्हा त्यांचा विश्वास भाबडा नव्हता.

हे मिळालेले पुढे हिसकावून घेतले गेले, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. केंद्राचे सैन्य १८७७ मध्ये दक्षिणेतील राजकारणातून मागे घेण्यात आले. मतदानासाठी कर आणि साक्षरतेची परीक्षा आली. लुइझियानाने १८९८ मध्ये त्या परीक्षेतून अशांना सूट दिली, ज्यांचे बाप किंवा आजे १८६७ पूर्वी मतदार होते, म्हणजे गोऱ्यांना. त्या राज्यात १८९६ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४ मध्ये जेमतेम १३०० उरले. ‘वेगळे पण समान’ या नावाखाली रेल्वेतील कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या डब्यांना सर्वोच्च न्यायालयानेही १८९६ मध्ये मान्यता दिली होती.

फुल्यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातील कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून कचेरी राखायला जमलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मोजक्या आरोपींना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये रद्दबातल ठरवली. पुढे सरकारने तिथे जो फलक लावला, त्यावर या कत्तलीला ‘दंगल’ म्हटले होते. तो २०२१ मध्ये काढण्यात आला.