एवढ्याशा दुकानात चपला-बूट शिवून घर चालतं का?

तुम्ही विचारलंय की बूट एवढे स्वस्त मिळतायत तर चपला दुरुस्त करणाऱ्याकडे अजून गिऱ्हाईक येतं का आणि त्यावर घर चालतं का. मी हेच काम करतो, दादरला, पत्र्याचा स्टॉल आहे, चार बाय पाच फूट, समाजकल्याण खात्याच्या गटई, म्हणजे चपला-बूट शिवणाऱ्यांच्या, स्टॉल योजनेतून वडिलांना मिळालेला.

घर चालतं, पण ओढाताण असते. पावसाळ्यात चांगल्या दिवशी हजार-बाराशे सुटतात, उन्हाळ्यात कधी तीनशेवर दुकान बंद करतो, आणि त्यातूनच सोल, दोरा, सोल्यूशन म्हणजे चिकटवायचा गोंद आणायचा.

गिऱ्हाईक सगळ्यात जास्त जूनमधे. वर्षभर कपाटात ठेवलेला बूट घालून माणूस निघतो आणि स्टेशनपर्यंत सोलचा चुरा होतो. तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा सोल असतो, आपल्या दमट हवेत नुसता ठेवला तरी आतून कुजतो. मग म्हणतात काका जरा चिकटवून द्या, ट्रेन आहे. अहो चिकटणार कशाला, खाली धरायला काही उरलेलंच नसतं. ते सगळं रापीने, आमच्या चामडं कापायच्या सुरीने, खरवडायचं, रबरी सोल कापायचा, सोल्यूशन दोन्हीकडे लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावलं तर चिकट लागलं पाहिजे पण बोटाला येता कामा नये, मग ठोकायचं आणि वर आरीने, म्हणजे भोक पाडायच्या टोचणीने, कडेकडेने शिलाई. ओलं असतानाच दाबलं तर आठवड्यात तोंड उघडतं आणि नाव आमचं खराब होतं.

कोल्हापुरी आली की मला खरंच बरं वाटतं, नुसता चपलेचा अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायचा पट्टा, तुटलेला असतो, चामड्याची वादी ओवून शिवला की परत दोन वर्षं चालते, कारण ती मुळात शिवलेली असते, परत शिवता येते. २०१९ला तिला जीआय, म्हणजे ती याच भागाची असल्याचं सरकारी मानांकन, मिळालं त्याचा आनंद आहेच पण ती शिवणारे हात कमी होतायत याचं फार वाईट वाटतं. माझा मुलगासुद्धा आयटीआय करतोय, मी त्याला दुकानात बस म्हणत नाही, दिवसभर वाकून पाठीचं काय होतं ते मला माहितीये.

आणि दोन हजारांचा बूट वाचवल्यावर शिलाईच्या ऐंशी रुपयांवर घासाघीस करतात ना, ते लागतं मनाला.

तुमचा बूट भिजला तर उन्हात ठेवू नका, आत पेपर कोंबून पंख्याखाली वाळवा. टाच एका बाजूने झिजायला लागली की तेव्हाच आणा, तेव्हा नुसत्या रबराच्या तुकड्यावर भागतं.